चूलबंद

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्याच्या मंडईत वांग्यांवरून घासाघीस करत होते. फोनवर त्यांची सून, मंदा. "ताई, तात्या गेले हो," एवढं म्हणाली. मग नाक ओढत सांगू लागली, की सकाळी मळ्यात जाऊन आले, येताना खिशात मोसंबी लपवून आणली, खाटेवर बसून ती सोलून अख्खी खाल्ली आणि ही ओरडायला गेली तर म्हणाले, आता काय रागवती, झाली की खाऊन... आणि तसेच आडवे झाले ते झाले. तात्यांच्या किडन्या कामातून गेल्या होत्या. डायलिसिस चालू होतं आणि डॉक्टरांनी मोसंबीला सक्त मनाई केली होती. शेंद्र्याजवळ स्वतःची मोसंबीची बाग असलेल्या माणसाला मोसंबी बंद! ह्या एका गोष्टीवरून तात्या डॉक्टरांशी प्रत्येक खेपेला वाद घालायचे आणि हरून यायचे. शेवटचा डाव मात्र त्यांनी मारला. मला भर मंडईत हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. भाजीवाल्या मावशींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वांगी मी म्हणत होते त्याच भावानं मुकाट पिशवीत टाकली.

कारभारी तात्या कोण, हे चाळिशीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी एका मराठी वाहिनीवर दर शनिवारी 'वरचा मजला भाड्यानं' नावाची विनोदी मालिका लागायची. ती अख्खी आपल्या गावात तयार व्हायची, ह्याचा आम्हाला तेव्हा भलताच माज होता. आमच्या नाटकाच्या ग्रुपचे नाना दिग्दर्शक. गोष्ट एवढीच, की एका घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा आहे आणि दर आठवड्याला कुणीतरी तऱ्हेवाईक माणूस तो बघायला येतो. मालिका संपली तरी मजला रिकामाच होता. मी घरमालकीण कुंदा व्हायचे, मिलिंद माझा धाकटा दीर बंड्या. हा तोच मिलिंद, जो आता मुंबईत मोठा नट झालाय आणि जाहिरातीत गुडघेदुखीचं तेल विकतो. शूटिंग सिडकोतल्या देशमुखांच्या बंगल्यात चालायचं. देशमुख मंडळी खरोखरच वरच्या मजल्यावर राहायची आणि खालचं घर आमच्या ताब्यात असायचं. म्हणजे मालिकेत जो मजला रिकामा, त्यात खरं बिऱ्हाड आणि जिथं बिऱ्हाड दाखवायचं, तिथं आम्ही सगळे खोटे.

एके दिवशी मजला बघायला येणारा पाहुणा नट जालन्याहून यायचा होता, तो काही आला नाही. नाना म्हणाले, मी कुणालातरी पाठवतो, दारातून जो येईल त्याच्याशी सीन पुढं न्या. कॅमेरा चालू झाला. मी सोफ्यावर शेंगा सोलत बसले. दार ढकलून एक उंच, काटक गृहस्थ आत आले. पांढरा पायजमा, सदरा, टोपी. चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि राम राम म्हणून समोर बसले. मला वाटलं, नानांनी पाठवलेला माणूस हाच. काय नैसर्गिक काम करतोय! नानांना वाटलं, मिलिंदनं कुणाला तरी पकडून आणलंय. आणि त्या गृहस्थांना वाटलं, हेच देशमुखांचं घर. ते आपल्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. मी संवाद टाकला, वरचा मजला बघायला आलात ना? ते म्हणाले, वरचं वर बघू, आधी पाणी द्या. मागं कुणीतरी फिसकन हसलं. पाणी पिऊन त्यांनी मला माहेर विचारलं. कुंदाचं माहेर लेखकानं पुण्याचं ठरवलेलं होतं, पण त्यांनी इतक्या आपुलकीनं विचारलं, की माझ्या तोंडून खरं तेच निघालं, पैठण. झालं! पैठणच्या कुणाच्या, कोणत्या आळीतल्या, त्या अमक्या तमक्यांना ओळखता का... आणि बघता बघता त्यांनी माझ्या आत्याच्या सासरकडून मला आपली नातलग करून टाकलं. आपल्याकडं दोन माणसं घोटभर चहा होईस्तोवर बोलली, की त्यांच्यात नातं निघाल्याशिवाय राहतच नाही.

मग त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली, तिला हळदकुंकू लावलं, माझ्या हातात अक्षता दिल्या आणि म्हणाले, चूलबंद यायचं बरं का. मिलिंद तेव्हा नुकताच कॉलेजातून आलेला, शहरातच वाढलेला. त्यानं विचारलं, चूलबंद म्हणजे काय? हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. तात्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं. आवतणं दोन जातीची असतात. एक घरटी एक, म्हणजे एका घरातून एक माणूस. दुसरं चूलबंद. "म्हंजे त्या दिशी तुमच्या घरात चूलच पेटायची नाय. म्हातारं, पोरं, आलेला पाव्हणा, वरचा भाडेकरू, जो कुणी त्या चुलीवर जेवतो तो आमचा." हे सांगता सांगता त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडं गेलं. दिवे, दिवे धरलेली माणसं, कानाला यंत्र लावलेले नाना, सगळं त्यांनी एकदा शांतपणे पाहून घेतलं. दुसरा कुणी असता तर गडबडला असता. तात्यांनी सगळ्या युनिटला हात जोडले, तुम्हीबी या म्हणाले, आणि थेट कॅमेऱ्यात बघून उभ्या महाराष्ट्राला पुतणीच्या लग्नाचं चूलबंद आमंत्रण देऊन टाकलं, तिथीसकट, गावासकट. नाना कट म्हणायचं विसरले. तोवर देशमुख वरून खाली आले आणि म्हणाले, अरे, तात्या तुम्ही? तेव्हा कुठं आम्हाला कळलं, की आमच्या घरात खरा माणूस शिरलाय.

ते तसंच दाखवलं गेलं. नानांनी एक शब्द कापला नाही. लग्न महिनाभर पुढं होतं आणि भाग त्याच्या आधीच लागला. त्यामुळं व्हायचं तेच झालं. लग्नाच्या दिवशी आम्ही युनिटची गाडी घेऊन शेंद्र्याकडं निघालो, तर रस्त्यात स्कूटरी, जीपगाड्या, एसटीतून उतरून चालत निघालेली माणसं... सगळी त्याच मांडवाकडं. कन्नडहून आलेली, पैठणहून आलेली, एक जोडपं तर पार परभणीहून. टीव्हीत बोलावलं होतं, म्हणून आलो म्हणाले. नवरीच्या बापाचा, म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावाचा चेहरा बघवत नव्हता. तात्या मात्र मांडवाच्या तोंडाशी उभं राहून एकेकाला हात धरून आत नेत होते, जणू हे सगळे त्यांचेच. बुंदी संपली, भात संपला. मग गावातल्या बायकांनी घरोघर चुली पेटवल्या आणि पिठलं-भाकरीच्या पाट्या डोक्यावरून मांडवात आल्या. चूलबंद लग्नाला अख्ख्या गावाच्या चुली पेटवाव्या लागल्या, हे तात्यांच्या भावानं त्यांना पुढं कैक वर्षं ऐकवलं. आम्हा कलाकारांना फेटे बांधून पहिल्या पंगतीला बसवलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ लग्नं जेवले, पण त्या पिठल्याची चव काही वेगळीच होती.

ह्यानंतर तात्यांना मालिकेत घ्यायचंच असं ठरलं. दर काही भागांनी एक माणूस पत्रिका घेऊन येतो, त्याला मजलाबिजला काही नको असतो, एवढंच काम. पण तात्यांची एक अट. पत्रिका खरी पाहिजे. आमच्या कलाविभागानं छापलेली खोटी पत्रिका त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही. ज्या लग्नातली नवरी नाही, नवरा नाही, त्याच्या अक्षता कुणाच्या डोक्यावर टाकायच्या, असं त्यांनी नानांना विचारलं. मग आमचं वेळापत्रक लग्नसराईवर चालू लागलं. आषाढ लागला की तात्या बंद, तुळशीचं लग्न झालं की तात्या सुरू. दिवाळीत वाहिनीवाल्यांना खास भाग हवा होता, त्यांनी नानांच्या डोक्याशी कटकट केली, तरी तात्या मुहूर्ताआधी काही हलले नाहीत. आणि ह्यांचा भाव काय वधारला म्हणता! पंचक्रोशीतली माणसं लग्न ठरलं की आधी तात्यांच्या मळ्यात यायची, आमची पत्रिका टीव्हीत न्या म्हणून. तात्या आढेवेढे घ्यायचे, बघू म्हणायचे, चहा प्यायचे. ते काही साधूसंत नव्हते. चांगलेच मिरवायचे. कुठल्याही लग्नात चार माणसं जमली की "माझा शॉट होता त्या वक्ताला" असं सुरू व्हायचं आणि तो शॉट दर वर्षी थोडा लांबत जायचा. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत आणि नामावलीत नावही घालू दिलं नाही. नाना मागं लागले तर म्हणाले, तोंड दिसतंय की मोठं, आता नाव कशाला?

मालिका बंद पडली, पण तात्या माझ्याकडं यायचे काही बंद झाले नाहीत. एम-एट्टीवरून यायचे, दारात हॉर्न वाजवायचे आणि मी दार उघडेपर्यंत वाजवतच राहायचे. मी वैतागायचे. तात्या, मला त्या नवरीचं नाव माहीत नाही, नवऱ्याचं माहीत नाही, मी कशाला येऊ, असं म्हणायचे. ते म्हणायचे, नवरीला तरी कुठं नवरा माहीत हाय? आणि मी जायचे. माझ्या मुलाच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. आमचं साधं, आटोपशीर लग्न. सोसायटीत घरटी एक असं आम्ही ठरवलेलं. पत्रिका मी वाटतो म्हणून तात्या हट्टाला पेटले आणि मी मूर्खासारखी हो म्हणाले. लग्नाच्या दिवशी बघते तर सोसायटीतली पहिल्या मजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंतची सगळी माणसं, वॉचमन, त्याची बायको, तळमजल्यावरच्या क्लासचे सर आणि मुलं, सगळी हजर. तात्यांना बाजूला घेऊन मी झापलं. तात्या शांतपणे म्हणाले, ताई, बायका दारात उभ्या होत्या, त्यांच्या मागनं म्हाताऱ्या डोकवत होत्या. त्या म्हाताऱ्यांना तू नको येऊ, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? त्या दिवशीच्या फोटोंत माझा मुलगा मात्र सगळीकडं हसताना दिसतो.

आता मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वाहिनीचे मालक आता बदललेत. नव्यांना मालिकेची पंचविशी साजरी करायची हुक्की आली. मिलिंदच्या आग्रहामुळं कार्यक्रम मुंबईऐवजी इथंच, संभाजीनगरला, नाट्यगृहात करायचं ठरलं. प्रेक्षकांना प्रवेश खुला, कलाकार रंगमंचावर सोफ्यावर, गप्पा, जुने प्रसंग, केक. श्रेया नावाची एक मुंबईची मुलगी सगळं बघत होती. गोड बोलायची, पण माझं डोकं तिनं पहिल्याच फोनला फिरवलं. मी विचारलं, तात्यांना कुणी कळवलं का? म्हणाली, मॅम, नामावलीत ज्यांची नावं आहेत त्यांनाच बोलावतोय, सोफ्यावर जागाच तेवढी आहे. मी म्हटलं, सोफ्याचं मला सांगू नको, सतरंजी मी घरून आणते. ती म्हणाली, ते आर्टिस्ट नव्हते ना मॅम, बाय चान्स आले होते. अगं बाई, बाय चान्स तर आम्ही सगळेच आलो होतो, मी वीज कंपनीत बिलांच्या तक्रारी ऐकत होते आणि हा तुझा मिलिंद परीक्षेत आपटून घरी बसला होता! पण ती ऐकेना. मिलिंदला फोन केला तर तो म्हणाला, ताई, फॉरमॅट त्यांचा आहे, मी काय करू. मी नानांना सांगून टाकलं, तात्या नाहीत तर मी नाही. नाना आता ऐंशीचे आहेत, पण डोकं अजून ताळ्यावर आहे. म्हणाले, तू नाही गेलीस तर तिथं तात्यांचं नाव कोण काढणार?

आणि ह्या सगळ्यात तात्यांचा फोन. टीव्हीत जाहिरात बघितली बरं का ताई, गावातनं टेम्पो भरून माणसं आणतो, तुम्ही काय नेसणार ते सांगा. हा माणूस धरूनच चाललाय, की आपण आहोत. तेव्हा त्यांचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मंदा मला हळूच सांगायची, की आता डॉक्टर फार बोलत नाहीत. पंचविशीला नाही घेतलं, तर पुढं कुठं घेणार होते त्यांना? उभं आयुष्य ज्यानं घरोघर जाऊन, म्हातारीसुद्धा सुटू नये म्हणून जपून, लोकांना बोलावलं, त्याच्याच वेळी आवतण राहावं, ह्याची मला इतकी चीड आली, की त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही. जे काही भांडायचं ते रंगमंचावर, सगळ्यांसमोर भांडायचं, असं ठरवून मी जांभळी पैठणी नेसून गेले.

वेळ झाली. आम्ही सोफ्यावर मांडून ठेवलेले, तोंडाला रंग लावून, कॉलरला माईक लावून. पडद्याच्या फटीतून बघितलं तर पुढच्या चार रांगांत तात्यांचं गाव बसलेलं, फेटे आणि नऊवार, आणि मागं सगळ्या खुर्च्या रिकाम्या. श्रेया घामाघूम. गेटवर गर्दी आहे मॅम, पण लोक आत येतच नाहीयेत. बाहेरून हशा ऐकू येत होता. तो हशा माझ्या ओळखीचा होता. मी उठले, पदर सावरला आणि बाहेर गेले.

नाट्यगृहाच्या मोठ्या दारात तात्या उभे. कडक इस्त्रीचा सदरा, डाव्या हाताला डायलिसिसची पट्टी, शेजारी मोसंबीची क्रेट. येणाऱ्या प्रत्येकाला एकेक मोसंबी हातात देऊन, या, या, लांबनं आले का, म्होरं बसा. आणि माणसं कसली पुढं बसतात! पत्रिकावाले तात्या, पत्रिकावाले तात्या करत सगळी त्यांनाच गराडा घालून उभी. कुणी त्यांच्यासोबत फोटो काढतंय, कुणी विचारतंय, ह्या वर्षी कुणाचं लग्न, तात्या? एक बाई आपल्या मुलीला पुढं करून सांगत होत्या, की आम्ही तुमच्या पुतणीच्या लग्नाला आलो होतो, तेव्हा ही पोटात होती. मी गर्दीतून वाट काढत गेले आणि त्यांचा हात धरला. तात्या, इथं काय करताय, आत चला, असं म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हसले, आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "ताई, मला आवतण नाय. ठाव हाय मला."

म्हणजे ह्यांना सुरुवातीपासून माहीत होतं आणि मी आठवडाभर नुसती जळत होते. मी काहीतरी चाचरत म्हणाले, की चूक त्यांची आहे, पोरं नवी आहेत, त्यांना कळत नाही... तात्यांनी मला मध्येच थांबवलं. "अहो, आवतण पाव्हण्याला असतंय. पाव्हणा आत बसतो. घरचा माणूस दारात उभा राहतो, आल्यागेल्याचं बघतो. नवरीचा बाप कधी खुर्चीत बसलेला बघितला का तुम्ही?"

ह्यात टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. शपथेवर सांगते. एखाद्यानं आपल्या शेताची हद्द दाखवावी तसं त्यांनी सांगितलं. आणि मला स्वतःचीच गंमत वाटली... ज्यांना आत घ्यावं म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते, त्या माणसाच्या लेखी आतली सगळी आम्ही पाहुणी होतो. अख्खं आयुष्य मी कुंदा म्हणून त्या घराची मालकीण होते, आणि आज पाहुणी? छे! मी क्रेटमधली मोसंबी उचलली आणि तात्यांच्या शेजारी उभी राहिले. पहिल्यांदा आले ते नाना, काठी टेकत. त्यांनी काय चाललंय ते एका नजरेत ओळखलं आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन नमस्कार करत उभे राहिले. मग मिलिंद आला. गर्दीत आरडाओरडा झाला, पण त्यानं कुणाकडं बघितलं नाही, सरळ येऊन तात्यांच्या पाया पडला. तात्या म्हणाले, बंड्या, लई वाळला रे, आणि त्याच्या हातात दोन मोसंब्या कोंबल्या. उभा राहा म्हणाले, लोक आलेत. आणि मिलिंद उभा राहिला, हातात मोसंबी घेऊन, एकेका माणसाला, या, बसा. एकामागून एक सगळे कलाकार बाहेर आले. शेवटी तो सोफा आणि केक राहिला आत.

श्रेया धावत आली ती तिचे कलाकार शोधत. मला वाटलं, आता ही रडते. तात्यांनी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, पोरी, सकाळधरनं काही खाल्लंस का? तिनं मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी एक मोसंबी स्वतः सोलून तिच्या हातात दिली. पायरीवर बसून तिनं ती खाल्ली आणि खाता खाताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगली मुलगी आहे ती, मी उगीच तिला शिव्या घातल्या. तोंड पुसून तिनं कॅमेरेवाल्यांना हाक मारली, सगळं बाहेर आणा म्हणाली. तो कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल. त्यात रंगमंच नाही, सोफा नाही. नाट्यगृहाच्या दारात उभे असलेले आम्ही आहोत आणि आत जाणारी माणसं आहेत. शेवटी तिनं तात्यांना कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी बोला म्हणून सांगितलं. तात्या म्हणाले, समदे आले, बरं वाटलं, आता जेवल्याशिवाय कुणी जायचं नाय. लोक खो खो हसले, त्यांना वाटलं हा विनोद आहे. जेवणाची सोय कुणीच केलेली नाही, हे तात्यांना नंतर कळलं, तेव्हा मात्र ते वाहिनीवर खरोखर चिडले. अख्ख्या पंचविशीत ते चिडले ते तेवढ्याच एका गोष्टीवर.

तात्या चैत्रात गेले. लग्नाला बिनबोलावता जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट बघू नये, अशी आपल्याकडची रीत. त्या रीतीप्रमाणे मंदानं मला सोडून कुणालाच फोन केला नव्हता. तेराव्याला मी आणि नाना रिक्षा करून गेलो. शेंद्र्याचा फाटा ओलांडला आणि रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग दिसली. बागेत मांडव घातला होता. ज्यांच्या लेकीबाळींच्या पत्रिका तात्यांनी टीव्हीत नेल्या होत्या, ती सगळी आली होती, त्या लेकीबाळी आपापली पोरं घेऊन आल्या होत्या. माझ्या सोसायटीचा वॉचमन दिसला, बायकोसकट. मिलिंद मुंबईहून पहाटेच्या गाडीनं आलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्याच्या टाकीशी तांबे भरत होता. श्रेयाही आली होती. रडारड फारशी नव्हती. चार-चार माणसं घोळका करून बसलेली आणि प्रत्येक घोळक्यात तात्यांचा तो शॉट चालू होता, प्रत्येकाचा निराळा. एका घोळक्यात तर तात्या त्या दिवशी देशमुखांच्या घरी घोड्यावरून आले होते.

बायकांची पंगत बसायला लागली. माझे गुडघे म्हणजे आता गेल्यातच जमा, म्हणून मी कडेची, मांडवाच्या खांबाला टेकता येईल अशी जागा हेरली आणि बसायला वाकले. तेवढ्यात मंदा आली आणि तिनं सगळ्यांदेखत माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. क्षणभर मला रागच आला. अरे, माझं वय आहे, लांबून आलेय, काही मान आहे की नाही? मंदाचे डोळे सुजलेले होते, पण आवाज थेट सासऱ्याचा. म्हणाली, "ताई, तुम्ही कुठं बसताय? आधी पाव्हण्यांना जेवू द्या." आणि तिनं माझ्या हातात वरणाची बादली दिली.

बादली जड होती. मी पदर खोचला आणि पहिल्या ताटापासून वाढायला सुरुवात केली.